जुनं पोकलेन घेताना: थंड तपासणी, गरम तपासणी आणि त्यांचा क्रम

जुनं पोकलेन बघायला जाणारे बहुतेक जण दोन गोष्टींवर निर्णय घेतात: अवर मीटरचा (यंत्र किती तास चाललं ते दाखवणारा) आकडा आणि दहा मिनिटांची चालवणी. दोन्हींवर विसंबता येत नाही. मीटर बदलता येतो आणि दहा मिनिटांत हायड्रॉलिक तेल धड कोमटही होत नाही. इंजिनाचे दोष यंत्र पूर्ण थंड असताना उघडे पडतात, तर पंप, व्हॉल्व्ह आणि मोटरचे दोष तेल पूर्ण तापल्यावर. विकणारा यंत्र दाखवतो ते या दोन्हींच्या मधल्या अवस्थेत: सकाळी आधीच सुरू करून ठेवलेलं, धुतलेलं, नुकताच रंग दिलेलं. म्हणून खालचा क्रम मोडू नका. यातली मापं २० ते २२ टनी यंत्रं डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. मॉडेलप्रमाणे नेमकी मर्यादा त्या यंत्राच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि ती पानं सोबत न्या.

## टप्पा १: जाण्याआधीची तयारी

विकणाऱ्याला फोनवरच चार अटी सांगा. यंत्र आदल्या रात्रीपासून बंद हवं. ते धुतलेलं नको. जवळ २०–२५ मीटर सपाट जागा आणि खोदायला माती हवी. आणि यंत्र किमान तीन तास तुमच्या हाती हवं. शेवटच्या अटीला कोणी आढेवेढे घेत असेल तर प्रवासाचा खर्च तिथेच वाचवा.

सोबत न्यायचं सामान:

- टेप, मोठा कॅलिपर, सरळ पट्टी आणि खडू
- मॅग्नेटिक बेस असलेला डायल गेज (अगदी बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं साधन)
- ६०० बारचा प्रेशर गेज, पायलट लाइनसाठी (लिव्हरचा इशारा व्हॉल्व्हपर्यंत नेणारी कमी दाबाची तेलनळी) ६० किंवा १०० बारचा दुसरा गेज आणि त्या मॉडेलच्या टेस्ट पोर्टला बसणारे कपलिंग
- इन्फ्रारेड थर्मामीटर, स्टॉपवॉच, टॉर्च
- तारेचा ब्रश, लोखंडी पहार, चुंबक, पांढरं स्वच्छ कापड
- तेलाच्या नमुन्यासाठी पाच कोरड्या बाटल्या, हातपंप आणि नवी नळी

एकट्याने जाऊ नका. एक जण लिव्हरवर आणि एक जण खाली, अशी दोन माणसं लागतातच. विकणाऱ्याच्या ऑपरेटरने यंत्र चालवलं तर त्याला दोष झाकून कसं चालवायचं हे ठाऊक असतं, त्यामुळे ऑपरेटर आपलाच न्या.

## टप्पा २: कागद आणि नंबर

आधी कागद, मग यंत्र. यंत्र एकदा मनात भरलं की कागदांतल्या उणिवा माणूस नजरेआड करतो.

फ्रेमवर कोरलेला नंबर, केबिनजवळची प्लेट, इंजिन ब्लॉकवरचा नंबर आणि बिल हे सगळं जुळवा. प्लेटचे रिव्हेट नवे दिसत असतील किंवा कोरलेल्या नंबरभोवती ग्राइंडिंगच्या खुणा असतील तर परत फिरा. यंत्रावर कर्ज शिल्लक नाही याचा लेखी दाखला घ्या. दुसऱ्या बाजारपेठेसाठी बनवलेलं यंत्र असेल तर त्याच सिरियल नंबरवर सुटे भाग मिळतात का, हे डीलरला विचारा. एकाच मॉडेलमध्ये बाजारपेठेनुसार पंप, इंजिन आणि कंट्रोलर वेगळे असू शकतात.

आधीच्या कामाची चौकशी तासांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. मऊ मातीत ९ हजार तास झालेलं यंत्र खाणीत ५ हजार तास ब्रेकर (खडक फोडणारा हातोडा) चालवलेल्या यंत्रापेक्षा बरं निघू शकतं. आर्मवर (बकेट धरणाऱ्या पुढच्या हातावर) ब्रेकरची जादा पाइपलाइन दिसली तर तासांपैकी किती तास ब्रेकरवर गेले, हे स्पष्ट विचारा. ब्रेकरच्या सततच्या हादऱ्याने आर्मला तडे जातात, बकेटच्या पिना सैल होतात, तेल जास्त तापतं आणि ब्रेकरमधला कचरा तेलात उतरतो.

पडताळणी: मीटरवर ३ हजार तास आणि पेडलचं रबर गुळगुळीत, जॉयस्टिकची नक्षी पुसलेली, दाराची बिजागरी लोंबलेली, हे एकत्र बसत नाही. कंट्रोलरमधले तास मॉनिटरवर किंवा डीलरच्या लॅपटॉपवर वेगळे वाचता येतात. टेलिमॅटिक्स (यंत्राची माहिती दुरून पाठवणारी यंत्रणा) असेल तर त्याची नोंदही मागा.

## टप्पा ३: थंड इंजिन

पोचल्या पोचल्या इंजिन ब्लॉकवर आणि रेडिएटरच्या वरच्या पाइपवर थर्मामीटर धरा. बाहेरच्या हवेइतकं तापमान हवं. गरम लागलं तर थंड स्टार्टची परीक्षा त्या दिवशी बाद झाली. दुसऱ्या दिवशी यायचं.

सुरू करण्याआधी:

1. रेडिएटरची कॅप उघडून कूलंट बघा. तेलाचा तवंग किंवा गंज नको.
2. डिपस्टिकवरचं तेल बोटांवर चोळा. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. पातळ असून डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर किंवा फ्युएल पंप गळतोय.
3. एअर फिल्टर काढून त्याच्या पुढच्या, म्हणजे टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जाणाऱ्या पाइपच्या आत पांढरं कापड फिरवा. कापडावर धूळ आली तर ती धूळ इंजिनात गेलेली आहे. रिंगा आणि लायनर झिजलेले असणार. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि जवळजवळ कोणीच करत नाही.
4. टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा. किंचित आडवी हालचाल चालते. पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती हाउसिंगला घासत असतील तर टर्बो बदलावा लागेल.
5. किल्ली ऑन करून इशाऱ्याचे सगळे दिवे लागतात का बघा. जो दिवा लागतच नाही, तो काढलेला असू शकतो.

मग स्टार्ट करा. थंडीत सुरुवातीचा पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटांत जायला हवा. निळा धूर राहिला तर इंजिन तेल जाळतंय. लोडवर सतत काळा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा इंजेक्टर बिघडलेत. इंजिन गरम झाल्यावर ऑइल फिलरची कॅप काढून उलटी तोंडावर ठेवा. ती थोडी थरथरली तर हरकत नाही. उडून पडली किंवा तोंडातून धुराचे भपकारे आले तर ब्लो-बाय (रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा वायू) जास्त आहे, म्हणजे इंजिन काम मागतंय. काही इंजिनांत या तोंडातून तेल उडतं, म्हणून चेहरा जवळ नेऊ नका.

नव्या धूर-नियमांच्या यंत्रात धूर स्वच्छ करणारी ईजीआर, डीपीएफ आणि युरिया यंत्रणा जागेवर आहे की काढून टाकलीय, ते बघा. तुमच्या कामाच्या ठिकाणी कमी गंधकाचं डिझेल मिळत नसेल तर असं यंत्र घेण्याआधी दहा वेळा विचार करा.

खबरदारी: गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. कूलंटमधले बुडबुडे बघायचे असतील तर थंड असतानाच कॅप उघडी ठेवून इंजिन सुरू करा. सततचे बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेड गेलेलं असण्याची दाट शक्यता.

## टप्पा ४: अंडरकॅरेज, माप घेऊन

ट्रॅक यंत्राच्या दुरुस्तीत सर्वांत मोठा खर्च खालच्या भागाचा, म्हणजे अंडरकॅरेजचा असतो, आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. नजरेने "साठ टक्के आहे" असं कोणी म्हटलं तर ते कोणत्या मापावरून, हे विचारा.

चेनचा पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर). स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातात लाकडी ठोकळा किंवा पिन अडकवून यंत्र अगदी थोडं मागे घ्या, म्हणजे वरची चेन ताणली जाते. इंजिन बंद करून चार लिंकचं अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. मास्टर पिन (चेनचा जोड उघडायची पिन) या मापात येऊ देऊ नका. १९० मिमी पिचची नवी चेन चार लिंकमध्ये ७६० मिमी भरते. एका लिंकमागे ३ ते ४ मिमी वाढ, म्हणजे चारांत १२ ते १६ मिमी, झाली असेल तर पिना आणि बुश संपलेत. दोन्ही बाजू मोजा, आणि दोन्ही बाजूंच्या लिंकची संख्या मोजायलाही विसरू नका. ढिली चेन घट्ट दाखवण्यासाठी एक लिंक काढून टाकलेली असते.

ताण. अ‍ॅडजस्टरमध्ये (चेन ताणणाऱ्या सिलेंडरमध्ये) ग्रीस भरून आयडलर (चेनच्या पुढच्या टोकाचं चाक) पार पुढे ढकललेला दिसत असेल आणि तरी चेन लोंबत असेल, तर ताणायला जागाच उरलेली नाही.

स्प्रॉकेट. दात टोकदार झालेत किंवा एका बाजूला आकड्यासारखे वळलेत तर स्प्रॉकेट संपला. जुन्या चेनवर नवा स्प्रॉकेट किंवा उलट असं मिश्रण दिसलं तर नवा भागही लवकर झिजणार, कारण पिच जुळत नाही.

रोलर आणि आयडलर. कॅलिपरने रोलरचा व्यास घ्या, आयडलरच्या धावपट्टीपासून मधल्या कड्याची उंची घ्या, लिंकची उंची घ्या आणि मॅन्युअलशी ताडा. रोलरच्या टोकाला काळा ओलसर डाग म्हणजे सील फुटलं. वरचा कॅरियर रोलर चिखलाने अडकून एका बाजूने सपाट झालाय का, तेही बघा. शूच्या (चेनवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या) बोल्टभोवती गंजाची रेघ असेल तर बोल्ट ढिले आहेत.

फायनल ड्राइव्ह (स्प्रॉकेट फिरवणारा गिअरबॉक्स). ही तपासणी टाळली की पश्चात्ताप ठरलेला. यंत्र हलवून एक प्लग बरोबर खाली आणा, थोडं तेल स्वच्छ भांड्यात घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. बारीक राखाडी चिकटा नेहमीचा असतो. चकचकीत तुकडे म्हणजे गिअर किंवा बेअरिंग तुटतंय. दुधाळ तेल म्हणजे फेस सीलमधून पाणी शिरलंय. आणि तेल पातळीपेक्षा खूप वर असेल तर ट्रॅक मोटरच्या शाफ्ट सीलमधून हायड्रॉलिक तेल गिअरबॉक्समध्ये येतंय.

खबरदारी: अ‍ॅडजस्टरमधलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. व्हॉल्व्ह एका फेऱ्यापेक्षा जास्त सैल करू नका आणि त्याच्या समोर तोंड नेऊ नका.

## टप्पा ५: स्विंग बेअरिंग

वरचा भाग ज्यावर फिरतो ते हे बेअरिंग बदलायचं तर अख्खा वरचा भाग उचलावा लागतो, म्हणून इथे अंदाज चालत नाही.

डायल गेजचा बेस खालच्या फ्रेमवर लावा आणि टोक बेअरिंगच्या वर फिरणाऱ्या कड्यावर, पुढच्या बाजूने टेकवा. आर्म लांब करून बकेट जमिनीपासून थोडी वर धरा आणि गेज शून्य करा. मग आर्म जवळजवळ उभा आणून बकेट जमिनीत दाबा, ट्रॅकची पुढची बाजू उचलली जाईपर्यंत. आता गेजवर जो फरक दिसेल तो बेअरिंगचा खेळ. या वर्गातल्या बऱ्याच यंत्रांत नव्याचा खेळ दीड मिमीपर्यंत असतो. तीनच्या पुढे गेला तर बदलण्याचा खर्च धरा.

मग ग्रीस बाथचं झाकण उघडा. पाणी साचलंय का, धातूचे कण चमकतात का, ते बघा. शेवटी यंत्र दोन्ही दिशांना पूर्ण वर्तुळ हळू फिरवा. ठरावीक जागी कटकट आवाज किंवा अडखळ आली तर दात तुटलेत किंवा धावपट्टी खराब झालीय.

## टप्पा ६: बूम, आर्म आणि पिना

तारेच्या ब्रशने माती काढा. बघायच्या जागा: बूमचा (केबिनजवळून निघणाऱ्या मोठ्या हाताचा) पाया, बूम सिलेंडरचे कान, बूमचं वाकण, आर्मचे दोन्ही कान, बकेट लिंकेज आणि खाली मधल्या एक्स फ्रेमचे जोड. तड्याचा संशय आला तर तिथे डिझेल लावून कोरडं पुसा आणि खडू फासा. काही मिनिटांत खडूवर ओली रेघ उमटली तर तडा आहे. फक्त त्याच भागावर ताजा रंग असेल तर रंगाखाली वेल्डिंग शोधा. नीट केलेली दुरुस्ती वाईट नसते. तड्यावर आडवी पट्टी ठोकून केलेली दुरुस्ती मात्र पट्टीच्या कडेला पुन्हा फुटते.

पिनांचा खेळ बघायला बकेट जमिनीवर टेकवून बूम किंचित वर-खाली करा आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून प्रत्येक जोड बघावा. बकेटच्या पिनांत खेळ असणं सामान्य आहे आणि स्वस्तात सुटतं. बूमच्या पायात खेळ असेल तर भोक मोठं झालेलं असतं. वेल्डिंग करून पुन्हा बोअर करावं लागतं.

सिलेंडरच्या रॉडवर नख फिरवा. नख अडकेल इतका ओरखडा नवं सील काही दिवसांतच फाडतो. त्या रॉडला पुन्हा क्रोम करावं लागेल.

## टप्पा ७: तापलेलं हायड्रॉलिक

आता यंत्राला तासभर खरं खोदकाम करू द्या. मॉनिटरवर किंवा टाकीवर थर्मामीटरने तेल ५० अंश सेल्सियसच्या आसपास आलं की पहिली वेळमापणी घ्या: पॉवर मोड, पूर्ण थ्रॉटल, बकेट रिकामी.

1. बूम जमिनीपासून पूर्ण वर. २० टनी यंत्रात साधारण ३ ते ४ सेकंद.
2. आर्म आत आणि बाहेर, बकेट आत आणि बाहेर.
3. स्विंग, दोन्ही दिशांना पाच फेऱ्या.
4. एक बाजू बकेटच्या आधाराने उचलून ट्रॅकचे तीन फेरे. मग दुसरी बाजू.

प्रत्येक वेळ तीनदा मोजून सरासरी लिहा. मग आणखी तासभर खोदून, तेल आणखी तापल्यावर, हीच मापं पुन्हा घ्या. दुसऱ्या खेपेला वेळ १० टक्क्यांहून जास्त वाढली तर आत गळती आहे. जाड, थंड तेल ही गळती झाकतं, म्हणूनच दहा मिनिटांच्या चालवणीत यंत्र उत्तम वाटतं.

दोष कुठे आहे हे मापांवरून कळतं. या यंत्रांत दोन मुख्य पंप असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक कामं असतात. वाटणी मॅन्युअलच्या हायड्रॉलिक आराखड्यात असते. एकच काम मंद असेल तर त्याचा व्हॉल्व्ह, सिलेंडर किंवा मोटर तपासा. एका पंपाच्या वाट्याची सगळी कामं मंद असतील तर तो पंप. सगळंच मंद असेल तर पायलट प्रेशर, इंजिन किंवा दोन्ही पंप. दुरुस्तीच्या खर्चात या तीन निदानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रेशर. गेज जोडण्याआधी इंजिन बंद करून टाकीचा दाब सोडा. मुख्य रिलीफ (कमाल दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) बहुतेक यंत्रांत ३४० ते ३५० बार, पॉवर बूस्टला (थोडा वेळ जादा ताकद देणारी सोय) ३७० ते ३८० आणि पायलट ३५ ते ४० बारच्या आसपास असतो. सिलेंडर टोकाला नेऊन रिलीफवर ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. कमी प्रेशर जसं वाईट, तसं ठरलेल्यापेक्षा जास्तही वाईट. कमजोर पंप लपवायला रिलीफ पिळून ठेवलेला असतो, आणि त्याची शिक्षा होज, सील आणि बूम भोगतात. याच वेळी इंजिनाचा आरपीएमही बघा: थोडा उतरून स्थिर राहायला हवा, इंजिन गुदमरायला नको.

सरळ चाल. सपाटीवर २० मीटरची सरळ रेघ आखा. पुढे आणि मागे, दोन्ही लिव्हर पूर्ण देऊन चालवा. २०० मिमीपेक्षा जास्त सरकलं तर एका बाजूची मोटर, पंप किंवा सेंटर जॉइंट (वरच्या फिरत्या भागातून ट्रॅककडे तेल नेणारा जोड) कमजोर आहे. मात्र आधी दोन्ही चेनचा ताण सारखा आहे याची खात्री करा. मग चालता चालता बूम वर घ्या. तेव्हाही यंत्राने दिशा सोडायला नको.

लोंबणं. बकेट मातीने भरून आर्म पुढे करा, बूम अर्ध्यावर धरा, इंजिन बंद करा. प्रत्येक सिलेंडरच्या रॉडवर ग्लँडपासून (रॉड बाहेर येतो ते सिलेंडरचं तोंड) ठरावीक अंतरावर खूण करा आणि १५ मिनिटांनी मोजा. फक्त बकेटचं टोक मोजलं तर कोणता सिलेंडर सरकला ते कळत नाही.

खबरदारी: उचललेल्या बूमखाली कोणी उभं राहू नका. बारीक गळती हाताने शोधू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते, पण शस्त्रक्रियेची तातडी असते.

## टप्पा ८: तेलाचे नमुने

यंत्र गरम असतानाच, बंद केल्या केल्या नमुने घ्या: इंजिन, हायड्रॉलिक टाकी, दोन्ही फायनल ड्राइव्ह आणि स्विंग गिअरबॉक्स. नळी टाकीच्या मध्यापर्यंतच सोडा, तळाचा गाळ ओढू नका. बाटलीवर यंत्राचे तास आणि तेलाचे तास दोन्ही लिहा.

अहवालात सिलिकॉन म्हणजे धूळ, सोडियम म्हणजे बहुधा कूलंट, आणि हायड्रॉलिकमध्ये तांबं वाढलेलं म्हणजे पंपाच्या किंवा मोटरच्या पितळी भागांची झीज. तेल नुकतंच बदललं असेल तर अहवाल चांगलाच येणार. अशा वेळी रिटर्न फिल्टर (टाकीत परतणारं तेल गाळणारा) कापून बघण्याची परवानगी मागा. त्यात सोनेरी कण दिसले तर पंप उघडल्याशिवाय सौदा करू नका.

## टप्पा ९: हिशेब आणि पहिले ५० तास

विकणाऱ्याची किंमत बाजूला ठेवा आणि वेगळ्या कागदावर लिहा: अंडरकॅरेजचे जे भाग निम्म्याहून जास्त झिजलेत त्यांचा खर्च, पिना-बुश, सील किट, फुटायला आलेले होज, पूर्ण सर्व्हिस आणि ट्रेलरचं भाडं. हे सगळं किंमतीत मिळवून मग दुसऱ्या यंत्राशी तुलना करा. खराब अंडरकॅरेज पण निरोगी पंप आणि इंजिन असलेलं यंत्र घेण्यासारखं असतं, कारण तो खर्च आधीच मोजता येतो. नवी चेन आणि थकलेला पंप असलेलं यंत्र सोडा. एका पंपाने सोडलेला कचरा सगळ्या यंत्रणेत पसरलेला असतो आणि त्याचा हिशेब आधी लागत नाही.

सौदा ठरला की यंत्र ट्रेलरवर चढताना सिरियल नंबर, मीटर आणि बसवलेल्या अटॅचमेंटचे फोटो काढा. बघताना वेगळी बकेट आणि पोचल्यावर वेगळी, असं होतं.

यंत्र घरी आल्यावर इंजिन ऑइल, सर्व फिल्टर, फायनल ड्राइव्ह आणि स्विंग गिअरबॉक्सचं तेल बदला. हायड्रॉलिक तेलाचा अहवाल स्वच्छ असेल तर ते ठेवता येतं, फिल्टर मात्र नवे घाला. ५० तासांनी रिटर्न आणि पायलट फिल्टर काढून कापा. त्यात काही सापडलं तर काम थांबवा आणि कण चुंबकाला लागतात का ते बघा: लागले तर लोखंडी भाग, न लागले आणि पिवळसर असले तर आधी पंप उघडा.